हवेची चाळणी

"तेलाचा हात फिरव गं पोरी. नवं हाय ते. बुजंल."

कोंडाबाईला जाऊन वर्षं लोटली, तरी हा आवाज शोभाबाईच्या कानात अजून उठायचा. जात्याच्या घरघरीतून वर आल्यासारखा. खरखरीत, पण कडेनं पीठ लागल्यागत मऊ. मादन हिप्परग्याहून आळंदला नांदायला आली त्या संध्याकाळी सासूनं तिला चुलीपाशी नेलंच नव्हतं. परसातल्या छपराखाली, तूर भरडायच्या नव्या जात्यापुढं उभं केलं होतं आणि हातात करडईच्या तेलाची वाटी दिली होती. लोकांच्या उंबऱ्याबाहेर बसून लोकांच्या तुरी भरडण्यात जिचा जन्म गेला, तिचं ते पहिलं स्वतःचं जातं. पुढं घरानं धम्म घेतला. नारळ, कुंकू, लिंबू घराबाहेर गेलं. तेल मात्र राहिलं. "तेल कुठं देव हाय?" कोंडाबाई म्हणायची. "तेल म्हंजे माया." मग डिझेलचं इंजिन आलं, त्याला तेलाचा हात. रोलर आला, त्याला तेलाचा हात. छपराची दालमिल झाली, आणि तिथल्या डाळीवरची करडईच्या तेलाची झाक सोलापूरच्या बाजारात लांबून ओळखू यायला लागली.

म्हणून आज पहाटे, मिलमध्ये कुणी कुणी नव्हतं तेव्हा, शोभाबाईनं हैदराबादहून आलेल्या नव्या मशीनलाही तेल लावलं होतं. अंगाला, पायांना, डाळ घसरून येते त्या पत्र्याच्या पन्हाळीला. आणि आत, पोटाशी, समोरासमोर बसवलेल्या दोन जाड काचांना. कंपनीचा पोरगा त्यांना मशीनचे डोळे म्हणाला होता. डोळ्यांना तिनं बोटाच्या टोकानं लावलं, न्हाऊ घातलेल्या लेकराला लावावं तसं.

आता दुपार कलली होती आणि मशीनला वेड लागलं होतं.

फट् फट् फट् फट्. काळा दाणा दिसला की बारीक नळीतून हवेचा फटका मारून त्याला बाजूला उडवायचं, एवढंच तिचं काम. काल संध्याकाळी तिनं ते गुणी सुनेसारखं केलं होतं. आज ती समोर येईल त्या दाण्याला फटकावत सुटली होती. चांगल्याच्या पोत्यात मूठभर डाळ, आणि टाकाऊचं पोतं तोंडापर्यंत भरून जमिनीवर सांडायलेलं. वरच्या पेटीत लाल आकडे नुसते पळत होते.

"बंद कर रे बाबा तिला!" गुंडेरावनं कानांवर हात ठेवले. "डाळ निवडायलीय का डाळीवर सूड उगवायलीय?"

गुंडेराव शोभाबाईचा धाकटा दीर. नवरा बाबूलाल गेल्यावर मिलचा कारभार त्याच्याकडं आला, आणि शोभाबाईचा भीमराज गुलबर्ग्याहून बी.कॉम. होऊन आल्यापासून अर्धा कारभार आणि सगळी भांडणं त्या पोराकडं आली.

कंपनीच्या नरसिंहनं बटण दाबलं. पोरगा घामानं न्हाला होता. "काल किती छान चालली होती, काका. तुम्ही स्वतः पाहिलंत. हे व्होल्टेजमुळं होतंय. तुमच्या आळंदच्या लाइटचं काही खरं नाही."

"आमच्या लाइटचं खरं न्हाई म्हणून तर आमी डाळ निवडायला बायका लावल्यात. बायकांना व्होल्टेज लागत न्हाई."

"काका," भीमराज दात आवळून म्हणाला, "सकाळपासनं हे तुमचं चौथ्यांदा झालं."

"पाचव्यांदा म्हणतो. बायकांना व्होल्टेज लागत न्हाई!"

"तुमाला बायकांचा कळवळा न्हाई, त्यांच्या मतांचा हाय. पुरसभेच्या निवडणुकीला उभं ऱ्हायचंय ना? मशीन लावली की सगळी वस्ती तोंड फिरवंल, ही तुमची खरी काळजी."

"तोंड सांभाळ, भीमराज!"

"भांडा, भांडा," चहाचा तांब्या घेऊन आलेली भागाबाई म्हणाली. गुंडेरावची बायको. "चहा निवला की मग मलाच म्हणा, भागा, पाणी पाजायलीस व्हय म्हणून."

शोभाबाई पोत्यांच्या थप्पीला टेकून उभी होती. गेल्या दिवाळीपासून घरात हेच. भाकरी वाढली तरी मशीन, दिवा मालवला तरी मशीन. भीमराज म्हणायचा, लातूरच्या मिला एका पाळीत काढतात ती डाळ निवडायला आपल्याला आठवडा लागतो. गुंडेराव म्हणायचा, मग लातूरला जा नांदायला. तिला वैताग याचा यायचा की दोघांपैकी एक तरी पुरता खोटा असता तर बरं झालं असतं. त्याला ओरडून गप्प केलं असतं, आणि झालं असतं मोकळं.

भीमराजनं खिशातून प्लास्टिकची पुडी काढली. सोलापूरच्या व्यापाऱ्यानं परत पाठवलेला नमुना. त्यानं ती काकाच्या हातावर रिकामी केली. "बघा. झाक आपली, दाणा आपला. आणि ह्यो काळा, ह्यो किडका, ह्यो खडा. हे कुणी निवडलं? आपल्याच बायकांनी. त्यांचा कसूर न्हाई, संध्याकाळी डोळे शिणतात. पण व्यापारी म्हणतो, मशीनची डाळ दिसायला एकसारखी असती, पुढच्या हंगामाला मला तीच पायजे. मग? मिलला कुलूप लावायचं? तवा त्या बायका कुठं जातील?"

"आन मशीन लावल्यावर कुठं जातील?" गुंडेरावचा आवाज एकदम खाली आला. ओरडतानाचा गुंडेराव शोभाबाईला सोसवायचा; असा हळू बोलायला लागला की तिला धडकी भरायची. "मायनं ही मिल कामून उभी केली रे? आपल्या वस्तीतल्या बाईला दुसऱ्याच्या उंबऱ्याबाहेर बसावं लागू नये म्हणून. तू मिल वाचवशील. वाचलेल्या मिलमध्ये कोण असंल? तू, ही पेटी, आन हवा."

भीमराजनं हातातली रिकामी पुडी चुरगाळली. बाहेरून गाणं आलं.

वाळवणाच्या फरशीवर, लिंबाच्या सावलीला बायका बसल्या होत्या. आज त्यांना निवडायचं काम नव्हतं. नव्या मशीनच्या नावानं लापशी होती. सकाळी सगळ्यांनी मिळून पंचशील म्हटलं होतं, मेणबत्त्या लावल्या होत्या. परवा ही मशीन ट्रकमधून उतरली तेव्हा याच बायकांनी लाकडी ओंडक्यांवरून ढकलत ती आत आणली होती, हेल काढत, एकमेकींची थट्टा करत. आता बसल्या बसल्या हाताला चाळा नाही म्हणून गात होत्या:

*तुरी तुझी साल गं, वाऱ्यासंगं गेली,*
*पिवळी झाली लेक, परघरी दिली.*
*परघरी दिली तिनं, मागं न्हाई पाह्यलं,*
*सुपाच्या कडेला एक टरफल ऱ्हायलं.*

शोभाबाईनं दाराकडं पाठ केली. कारण या बायकांना ठाऊकच नव्हतं की मशीन कशाची आहे. ट्रक आला त्या दिवशी मल्लव्वानं विचारलं होतं, "शोभक्का, हे काय री?" भीमराज पटकन बोलून गेला होता, "हवेची चाळणी. डाळीतली धूळ उडवायला." आणि मल्लव्वानं शोभाबाईकडं बघितलं होतं. ही बाई पहिल्या हंगामापासून तिच्या शेजारी सूप घेऊन बसलेली. शोभाबाई म्हणाली होती, "व्हय, चाळणीच हाय."

"मला वाटतं आतला दिवा गेलाय," नरसिंह म्हणाला. त्यानं मशीनचं पोट उघडलं, आत बघितलं, खिशातला रुमाल काढून काचा पुसल्या. "धूळ केवढी बसली एका रात्रीत!" रुमाल झटकला, झाकण लावलं आणि बटण दाबलं. परत तेच वेड. त्यानं मशीन बंद केली.

पण शोभाबाई बाजूला उभी होती. झाकण लागायच्या आधी तिला काचेवर तिरका उजेड दिसला होता. त्या उजेडात काच पिवळसर, धुरकट. रुमालानं तेल गेलं नव्हतं, नुसतं पसरलं होतं, आणि डाळीचं पीठ त्याला चिकटून बसलं होतं. मशीनच्या डोळ्यांत मोतीबिंदूसारखा सारा आला होता. चांगला दाणाही तिला काळाच दिसत होता.

ते तिचंच तेल होतं, पहाटेचं.

"पेटी हैदराबादला न्यावी लागणार," नरसिंह म्हणाला. "खरं सांगू का, काका, साहेब फोनवर म्हणाले, ट्रायलमध्ये चालत नसेल तर सगळंच परत आण. उदगीरची एक मिल वाट बघतेय. ट्रक संध्याकाळी इथूनच जाणार आहे."

"ने!" गुंडेराव उठलाच. "आत्ता ने. मी स्वतः हात लावतो. बायकांना बोलवतो ढकलायला."

"काका, थांबा की!"

"कशाला थांबू? तुझ्या मशीननं तोंडानं सांगितलं, मला जमत न्हाई म्हणून. आणखी काय ऐकायचंय?"

म्हणजे नुसतं गप्प राहायचं. शोभाबाईला लख्ख दिसलं. काही करायचं नाही, बोलायचं नाही. तेवढ्यानं ट्रक येईल, ही जाईल, आणि उद्या सकाळी मल्लव्वा नेहमीसारखी येऊन सूप आपटून म्हणेल, सरक शोभक्का. कुणाला काही सांगावं लागणार नाही. पुढच्या हंगामाचं पुढं. तिनं तोंड मिटून घेतलं, आणि गंमत म्हणजे तिला जरा बरंही वाटलं.

"अक्का, तुमी काय तरी बोला," भागाबाई तिच्याजवळ आली. "ह्यांचं चालू द्या. मी तर म्हणते मशीन ऱ्हाऊ द्या."

गुंडेरावनं चमकून बायकोकडं बघितलं. "तू?"

"व्हय, मी. तुमी कधी बसलाव का सुपाम्होरं? माझ्या मानेचं काय झालंय बघा. रात्री कुशीवर वळता येत न्हाई. आपली लेक आता बसायलीय माझ्या जाग्यावर. तिचीबी मान जाऊ द्यायची व्हय? तुमच्या मतासाठी?"

"घरात बोलायचं ते इथं कशाला बोलायलीस?"

"घरात तुमी ऐकता व्हय?"

भीमराजला काकीचा आधार मिळाला तसा त्याचा आवाज चढला, गुंडेरावचा त्याच्याहून. नरसिंह पाने गोळा करून पिशवीत भरायला लागला. शोभाबाई खाली वाकली. सांडलेली डाळ पायांखाली येत होती, ते तिला बघवेना. तिनं टाकाऊच्या पोत्यातली ओंजळ भरली.

ओंजळीत सगळी डाळ चांगली होती. दाणा न् दाणा. गोल, पिवळी, तिनंच तेल चोळलेली. एकही काळा नाही, किडका नाही. आणि पोत्यावर भीमराजच्या अक्षरात लिहिलेलं: जनावरांसाठी.

ती बघत राहिली. काही खोट नसताना बाजूला काढलेलं तिला बघवायचं नाही. ते कुणी शिकवायला लागलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या साली ती सासूबरोबर बाजारात गेली होती, आणि दोघी आडत्याच्या फाटकाबाहेर उन्हात उभ्या होत्या. आत बोलवेपर्यंत. आत बोलवलंच नाही.

"नरसिंह," शोभाबाई म्हणाली.

कुणी ऐकलं नाही.

"अरे ए! गप बसा सगळे!" तिचा आवाज पत्र्याला जाऊन लागला. बाहेरचं गाणंही थांबलं. "दिवा गेला न्हाई. व्होल्टेज न्हाई. तिच्या डोळ्याला तेल लागलंय. मी लावलं. पहाटं."

नरसिंहनं पिशवीत टाकायला घेतलेला पाना परत बाहेर काढला.

"तेल?" भीमराज म्हणाला. "माय, तेल? इलेक्ट्रॉनिक मशीनला?"

"नवी हाय, म्हणून लावलं."

"मी सांगितलं होतं ना, मशीनला कायबी लावायचं न्हाई! हळद न्हाई, कुंकू न्हाई—"

"हळद-कुंकू कुठं लावलं? तेल लावलं. तू जन्मलास तवा तुलाबी लावलं हुतं, तू कुठं बिघडलास?" आणि मग, त्याच्या तोंडाकडं बघून, "थोडा बिघडलास."

गुंडेराव पोत्यावर बसून पोट धरून हसायला लागला. "वैनी! वैनी, तुमी धन्य हाव! हैदराबादची कंपनी एकीकडं आन आमच्या वैनीची वाटी एकीकडं!" हसता हसता तो थांबला. त्याला पुढचं कळलं. "म्हंजे… पुसलं की चालंल ती?"

"स्पिरिटनं पुसावं लागेल," नरसिंह म्हणाला. झाकण उघडून काचेवरून फिरवलेलं बोट तो हुंगत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद मावत नव्हता. "कोरड्या रुमालानं मीच उलट पसरवलं. बाई, सकाळीच सांगितलं असतं तर माझी साहेबांची बोलणी वाचली असती."

भीमराज सायकल काढून दवाखान्यातून स्पिरिटची बाटली घेऊन आला. नरसिंहनं कापसानं काचा पुसल्या, परत पुसल्या. बटण दाबलं.

फट्. मग काही नाही. डाळ पन्हाळीवरून पिवळ्या पदरासारखी घसरत होती. फट्. एक काळा उडाला. फट्… फट्. चांगल्याचं पोतं भरायला लागलं. ते इतकं भराभर भरलं की भागाबाईला दुसरं पोतं लावायला पळावं लागलं. शोभाबाईनं ओंजळ घेऊन बघितली. तिला एकही दाणा काढून टाकता येईना. हात रिकामे रिकामे वाटले.

"बायकांचा आठवडा हिनं सांजेपतोर संपवला असता," भीमराज म्हणाला. पण तो ओरडला नाही, आणि बोलून झाल्यावर दाराकडं बघायचं त्यानं टाळलं.

"आता बाहेर कोण सांगणार?" शोभाबाईनं विचारलं.

गुंडेरावनं चहाचा पेला तळापर्यंत निरखला. "एवढ्यात कामून सांगायचं? निवडणूक हू द्या. मग बघू."

"तू सांग," ती भीमराजला म्हणाली. "मशीन तुझी."

"मी सांगणारच हाय, माय. पण एकदम नको. दर हप्त्याला थोड्या थोड्या कमी करू. कुणाला कळणार न्हाई."

"कुणाला कळणार न्हाई?"

"म्हंजे… तरास हुणार न्हाई."

"कुणाला?"

तो खाली वाकून सांडलेली डाळ गोळा करायला लागला.

"भागा?"

"मला न्हाई जमायचं, अक्का," भागाबाई पदराशी चाळा करत म्हणाली. "माझी मान दुखती म्हणून त्यांची कामं गेली, असं वाटंल त्यांना. तुमचं ऐकतील त्या. तुमीच कसं तरी गोड करून सांगा."

शोभाबाईला इतका संताप आला की तिला हसूच फुटलं. दिवाळीपासून या घरानं पेटी, हवा, व्होल्टेज, लातूर, सोलापूर यांवर जेवढी तोंडं वाजवली, त्यातला एक शब्द दाराबाहेर न्यायला कुणाच्या तोंडात जीव नव्हता. "तुमचे समद्यांचे डोळे पुसाया एक बाटली पुरायची न्हाई," ती म्हणाली, आणि तेलकट हात लुगड्याला पुसत बाहेर आली.

उन्हं उतरली होती. लापशीची पातेली घासून पालथी घातलेली. बायका उठायच्या बेतात होत्या. कुणी पोराला कडेवर घेत होती, कुणी चप्पल शोधत होती. मल्लव्वानं तिचं सूप भिंतीला टेकवलं होतं, उद्यासाठी.

"चालली का वो तुमची चाळणी?" तिनं विचारलं. "आत मोठा दंगा चालला हुता. आमी म्हटलं, चाळणीपायी माणसं चाळून निघायलीत."

बायका हसल्या.

"चालली," शोभाबाई म्हणाली.

"बरं झालं, तायी. धुळीनं लई खोकला यायचा." मल्लव्वानं डोक्यावरचा पदर सारखा केला. "मग उद्या नेहमीच्या टायमाला येऊ ना? का उशिरा?"

शोभाबाईला दारात भीमराज येऊन उभा राहिल्याचं कळलं, त्याच्यामागं गुंडेराव. दोघांनी एकदमच तिला खुणावलं असणार, ती नजर तिच्या पाठीला लागली. तिनं वळून बघितलं नाही. ती जाऊन मल्लव्वासमोर फरशीवर बसली, मांडी घालून, रोज बसायची तशी. बायकाही एकेक करून परत खाली बसल्या.

"मल्लव्वा, ती चाळणी न्हाई," ती म्हणाली. "तू मला विचारलीस तवा मी तुझ्या तोंडावर खोटं बोलले. ती डाळ निवडती. आपल्यापेक्षा चांगली निवडती. उद्या तुमी कुणी येऊ नका. परवाबी न्हाई. हितं आता बाईमाणसाला काम ऱ्हायलं न्हाई, आन हे मला दिवाळीपासनं म्हाईत हाय."